पिकअपची खाडीतली अंघोळ

शहाण्या माणसाने करू नयेत अशा गोष्टी मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण लोखंडाला खाऱ्या पाण्याने अंघोळ घालणारी अख्ख्या खारेपाटातली बाई मी एकटीच असेन. त्यातून मिठागरावरच्या मजुराची मुलगी! आमच्या मिठागरावरची अवजारं लाकडाची. का, तर लोखंड मिठात एक हंगामसुद्धा धड टिकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण गाडी म्हणजे लोखंड, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाटायचं गाडी म्हणजे घरातलं माणूस. मग घरातल्या माणसाला आम्ही जशी अंघोळ घालायचो, तशीच मी तिला घातली. आता नातवंडं हे ऐकून माझ्याकडे अशी बघतात की जणू मी शेळीला पोहायला शिकवत होते.

आमच्या गावात पाणी दोन प्रकारचं. एक खाडीचं, ते दिवसातून दोनदा दाराशी येऊन विचारपूस करून जायचं. दुसरं गोडं, ते आपणहून कधीच यायचं नाही. गोड्या पाण्यासाठी आये बांधावरून चालत शेजारच्या गावाच्या टोकाला असलेल्या नळावर जायची, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. नळ चालायचा त्याच्या मर्जीने. त्यामुळे अंघोळीची आमची रीत ठरलेली होती. अंग चोळून धुवायचं खाडीच्या पाण्याने आणि शेवटचा एक तांब्या गोडा, डोक्यावरून. त्या एका तांब्यासाठी आये मोरीच्या तोंडाशी पहारा द्यायची. दुसरा तांब्या बुडल्याचा आवाज आला की बाहेरून हाक यायची, "कोन गो ती राजाची रानी न्हाते?" आता मी पेणला मुलाकडे असते, नळ भसाभस वाहतो, तरी माझी अंघोळ एका तांब्यात उरकते. सून म्हणते, "आई, पाणी आहे हो भरपूर." असेल ग बाई. पण दुसरा तांब्या बुडवताना माझा हात अजून अडखळतो.

बाबांनी मिठागरावरची मजुरी सोडून जुनी निळी पिकअप घेतली, तेव्हा गावातली अर्धी माणसं तिला हळदकुंकू लावायला आली आणि अर्धी तिचे टायर लाथेने तपासायला. मीठ भरून रोह्याला न्यायचं, दुकानांत आणि सुकी मासळी करणाऱ्यांकडे टाकायचं, येताना विटा, कोंडा, पेंढा, जे मिळेल ते आणायचं. क्लीनर बाहेरचा ठेवायला नको म्हणून मी क्लीनर. पहाटे आये तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून द्यायची. कधी आदल्या दिवशीचं, खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण उरलं असलं तर डब्यात तेही. नागोठण्याच्या अलीकडे एका झाडाखाली आम्ही ते खायचो. बाबा बोलायचे कमी. पण चालवायला त्यांनीच मला शिकवली, रिकाम्या बांधावर, दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, चुकलं की थेट मिठात. लायसन्स हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. ज्या गावात मुलगी सायकलवर बसली तरी लोक दारात येऊन बघायचे, तिथून मी खिडकीबाहेर कोपर काढून पिकअप न्यायची. कोपर काढायचं काही कारण नव्हतं. शिवाय कोंबडी आडवी येवो न येवो, हॉर्न. त्या वेळची मी आज समोर आले, तर मीच तिला एक ठेवून देईन.

तर अंघोळ. रोह्याहून आलो की बाबा जेवायला बसायचे आणि मी, "गाडी लावून येते," म्हणून निघायची. मंगळवारी आणि शुक्रवारी, देवीचे वार म्हणून, ती लावायची थेट खाडीवर. भरती असली तर होड्या लागतात त्या उतारावरून उलटी घेत मागची चाकं अर्धी बुडेपर्यंत आत. एवढी वाट चालून आलेली गाडी, खालून तापलेली. पाणी लागलं की चुर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची. मला वाटायचं, बिचारीला किती बरं वाटलं! मग बालदीने खालून, मधून, आतून चिखल धुवायचा आणि शेवटी आयेची नजर चुकवून आणलेला एक तांब्या गोडं पाणी टपावरून. रीत म्हणजे रीत. वरून ती अशी चकचकायची की बाबा म्हणायचे, "पोरगी गाडी जपते." मी मान खाली घालून हसायची. आयेचं पाणी वाचवलं, गाडी स्वच्छ ठेवली, एवढी गुणी मुलगी पंचक्रोशीत नाही, असं माझं माझ्याविषयी मत होतं.

मग आवाज सुरू झाला. पहिल्यांदा ऐकला तो रामवाडी सोडल्यावर, गाडीने वेग घेतला तेव्हा. मागून, खालून, लांब कुठेतरी जातं फिरावं तशी घरघर. वेग वाढला की वाढायची, पाय काढला की उतरायची. बाबा म्हणाले, टायर असेल. पुढचे टायर मागे घातले, मागचे पुढे. घरघर जिथल्या तिथे. पुढच्या आठवड्यात ती इतकी वाढली की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. म्हणजे मला. बाबा तसेही बोलत नव्हतेच. रामवाडीला हमरस्त्यावरच्या एका मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं आणि सांगितलं, "मागचा एक्सल संपलाय. अख्खाच्या अख्खा बदला. नायतर सरळ भंगारात."

त्या संध्याकाळी आयेचा भाऊ, आमचा मामा, घरी आला होता. तो डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला. "भावजी, सोडा आता ही कटकट," तो म्हणाला. "मी गेटपास करून देतो. शिफ्ट संपली की हात धुवून घरी." आये चुलीपाशी होती. ती म्हणाली, "कंपनी बरी. तिथं निदान हात धुवायला पानी तरी असतंय." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो खाल्लाच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की पेणचा एक दलाल रविवारी गाडी न्यायला येणार. म्हणजे हिशेब उघड होता. गाडी गेली की बाबा डोलवीला आणि मी परत मिठागरावर, डोक्यावर मिठाची टोपली, हंगामभर तापलेल्या वाफ्यांतून अनवाणी. खिडकीबाहेर काढायला कोपरही उरणार नव्हतं.

मी बाबांच्या मागे लागले. शुक्रवारची रोह्याची शेवटची खेप आहेच, तर दानियलकाकांना एकदा दाखवू. बाबा म्हणाले, "मेलेल्या मानसाला किती डॉक्टर दाखवायचं?" पण नाही म्हणाले नाहीत.

दानियलकाका म्हणजे शनवार तेली, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. ते स्वतःच सांगायचे, "आजा खोबऱ्यातून तेल काढायचा, मी गाड्यांतून काढतो. धंदा तोच." रोह्यात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पुढे गॅरेज, मागे घर. माणूस फुशारकी मारण्यात पटाईत आणि दुसऱ्याची फुशारकी अजिबात खपवून न घेणारा. त्यांचा एक नेम सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होता. त्यांचा पाळायचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच लागायचा, म्हणून शुक्रवारी घरात दिवा लागायच्या आत हातातला पाना खाली. मग गाडी उघडी असो की मिटलेली. शनिवारी ते गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत, खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायचे. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच, नाहीतर रविवारी दलाल.

मीठ उतरवून आम्ही पोचलो, तेव्हा त्यांनी बाबांचं म्हणणं पुरतं ऐकलंही नाही. मागच्या हौद्यात चढले आणि फळीला कान लावून पालथे झोपले. "चल, चालव. सरळ नको. नागासारखी चालव." बाबांनी रिकाम्या रस्त्यावर गाडी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली, पुन्हा डावीकडे. रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली, कारण हौद्यातून काका ओरडत होते, "हां! बोल! बोल अजून! आता का गप्प झालीस?" परत आल्यावर ते कपडे झटकत म्हणाले, "डावीकडे वळलास की बोंबलते, उजवीकडे वळलास की गप्प. डावीकडे वळताना भार कुठं येतो? उजव्या चाकावर. म्हणजे उजवं दुखतंय. अख्खा एक्सल कुठला दुखतोय? दाताला कळ आली म्हणून मुंडकं बदलतोस काय?"

मग आम्ही दोन्ही मागच्या चाकांशी हात नेला. डावं कोमट. उजव्यापाशी मी हात नेला तो चटकन मागे घेतला. पुढच्या चाकांना दगड लावले, उजवी बाजू जॅकवर उचलली, काकांनी टायर वरखाली धरून हलवला. खट, खट. सैल झालेल्या दातासारखा. चाक काढलं, ड्रम काढला. आतले ब्रेकचे लायनर तेलाने निथळत होते. "सील फाटलंय," काका म्हणाले. "आतलं तेल बाहेर आलं. ते ठीक. पण बाहेरचं काय आत गेलंय ते बघू." आणि त्यांनी एक्सलच्या मधल्या फुगीर भागाखालचा बोल्ट सोडला.

गिअरचं तेल काळपट मधासारखं असतं. खाली पडलं ते ताक. पांढुरकं, फेसाळ, मध्येच चमचमणारी लोखंडाची कणी. काका उकिडवे बसून बघत राहिले. "पाण्यातून घातलीस?"

"नाय," बाबा म्हणाले.

"नदी? ओढा? पुराचं पाणी?"

"नाय रे. पोरगी इतकी जपते गाडीला. पानी लागूच देत नाय कुठं."

काकांनी कपाळाला हात लावला. कारण पाणी कुठून आलं ते कळल्याशिवाय उपयोग नव्हता. हाउसिंगला, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचाला, चीर असेल आणि त्यातून पाणी शिरत असेल, तर नवं बेअरिंग घालूनही महिन्याभरात तेच होणार, आणि मग रामवाडीचा माणूस म्हणाला ते खरं, अख्खा एक्सल. मी तेलाच्या डब्याच्या मागे उभी. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. पण गुणी मुलीला बोलायला सुरुवात कुठून करायची ते सुचेना.

आणि बाबांनी काय करावं? त्या ताकात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मिठागरावर पाणी किती पिकलंय, मीठ आज धरेल की उद्या, हे बाबा जिभेनेच सांगायचे. हंगामात दिवसातून कितीदा तरी ते वाफ्यात बोट घालून चाखायचे. पण गिअरचं तेल! काका ओरडले, "अरे थुंक, थुंक! मरशील!" बाबा थुंकले, त्यांनी पंचाने जीभ पुसली, तोंड वाकडं केलं आणि शांतपणे म्हणाले, "दानियल, ही खाडी हाय. आमचीच."

"खाडी रोह्यात कशी येईल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे.

"यमे," बाबा म्हणाले, "गाडी धुतेस ती कुठं?"

मग मी सांगितलं. उतार, भरती, मंगळवार-शुक्रवार, शेवटचा गोडा तांब्या, सगळं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे मोठ्याने बोललं की किती येडपट वाटतं. काका आधी तोंड उघडं टाकून ऐकत होते, मग हौद्याला धरून हसायला लागले. "न्हाऊ घातलीस! अगो, शिकेकाई लावलीस की नाय? धूप दिलास? साराऽ, बाहेर ये, ही बघ पेणची पोर, गाडीला न्हाऊ घालते!" मागच्या दारातून साराकाकू पिठाचे हात घेऊन आल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "मग? पोरगी स्वच्छ आहे. तुम्ही कधी न्हालात शेवटचे?"

हसू संपल्यावर काकांनी समजावलं. एक्सलच्या आत तेल आणि हवा. चालून चालून ती तापते, फुगते. वर एक बारीक नळी असते, तिच्यातून ती बाहेर पडते. गरम असतानाच एकदम पाण्यात बुडवली की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरचं ओढून घेते. त्यांनी ती नळी काढून दाखवली. तिच्या तोंडात मिठाचा खडा घट्ट बसलेला, कोणी बूच मारावं तसा. "नाक बंद, मग सीलमधून पाणी प्यायली. तहान कुणाला चुकलीय? पण चीर नाय, भोक नाय. हाउसिंग ठणठणीत." आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "बेअरिंग, सील, तेल. बस. दिवा लागायच्या आत झालं तर झालं."

बाबा शर्टाच्या बाह्या वर करून मला म्हणाले, "बस खाली." आणि उरलेला सगळा दिवस मी गाडीखाली काढला. आतला चिखल डिझेलने धुवायचा, पुसायचा, पुन्हा धुवायचा, फडक्यावर कणी दिसायची थांबेपर्यंत. आतली मोठी चक्री काकांनी हाताने फिरवत तिचा एकेक दात बॅटरीने बघितला. दात शाबूत होते. उजवा दांडा ओढून काढला तेव्हा त्याच्यावरचं बेअरिंग बोटाने फिरवलं तरी तीच रामवाडीची घरघर, फक्त लहान आवाजात. गोळ्यांना गंजाचे खड्डे. दांड्यावरही सील बसतं तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली होती. काकांनी ती दोनदा चाचपली, मग म्हणाले की नवं सील केसभर आत ठोकू, त्याच्या ओठाला गुळगुळीत जागा मिळेल. जुनं बेअरिंग छिन्नीने फोडून काढलं. नवं आणायला बाबा बाजारात धावले. ते थंड असताना दांड्यावर बसत नाही, म्हणून साराकाकूंची जुनी कढई आली, तिच्यात तेल तापवलं आणि बेअरिंग त्यात सोडलं. भजी तळावी तसं. मागच्या घरातून नारळाच्या दुधातल्या कालवणाचा वास येत होता, पुढे गॅरेजात बेअरिंग तळलं जात होतं आणि मला इतकी भूक लागली होती की मी दोन्हीकडे सारख्याच आशेने बघत होते.

नदीच्या बाजूने उन्हं उतरली तसं साराकाकू दर थोड्या वेळाने दारात येऊन आभाळ बघायच्या. "अहो." "झालं, झालं." "अहो!" काकांनी गरम बेअरिंग चिमट्याने उचलून दांड्यावर सरकवलं, ते एका दमात जागेवर जाऊन बसलं. सील, दांडा, नवे लायनर, ड्रम, चाक. तेल भरायचं राहिलं तेव्हा काकूंच्या हातात काडेपेटी होती. काकांनी तेलाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि पाना खाली ठेवला. "माझा वार लागला. आता तू भर. भोकातून बाहेर ओघळायला लागलं की थांब, बोल्ट लाव, घट्ट कर. आणि मला विचारू नको, मी बघत नाय." ते खरंच भिंतीकडे तोंड करून हात धुवायला लागले. मी भरलं, बोल्ट लावला. आत दिवा लागला. काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "अजून पाव फेरा." आवाजावरून ओळखलं होतं त्यांनी. पुढे काका-काकू परदेशातल्या आपल्या मुलांकडे गेले, त्या घरात आता दुसरे लोक राहतात. पण माझ्या नातवाची नवी गाडी सर्व्हिसिंगहून आली की मी अजून कान देते, आणि तो म्हणतो, आजी, तिला कॉम्प्युटर आहे.

परतीला बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः क्लीनरच्या जागेवर बसले. नागोठण्यापर्यंत आम्ही दोघंही नुसतं ऐकत होतो. काहीच ऐकू येत नव्हतं. इतकं शांत, की फडक्यातला रिकामा डबा वाजत होता तो कळला. रामवाडी आली तेव्हा बाबांना झोप लागली होती.

घरी जेवताना त्यांनी आयेला सगळं सांगितलं, एरवी महिनाभरात बोलत नसतील एवढं. तेल चाखल्याचं सांगताना तर उठून दाखवलं. आये हसली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. मला त्याचीच भीती वाटली. रविवारी दलाल आला. बाबांनी त्याला शेजारी बसवून बांधावरून एक फेरी मारून आणली आणि चहा पाजून परत पाठवला. मामा रुसला, पुढे कित्येक दिवस आमच्याकडे जेवला नाही.

दलाल गेल्यावर आयेने चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलला. मी कळशी घ्यायला पुढे झाले, तशी ती थांबली आणि मला म्हणाली, "इतकं दिस मिठाची गुलनी धरून बसलीस, गो. मना सांगायचंस ना, गाडीला पानी लागतंय म्हनून. येक हंडा जास्ती आनला असता मी."